वन्संच्या कोटाची पाठ

रफूचा नियम साधा आहे. कपडा परत घेताना गिऱ्हाईकानेच विचारलं पाहिजे की फाटलं होतं ते नेमकं कुठे. तेवढं झालं की काम झालं. सत्तावीस वर्षं मी हे करते. तोंडाने कितीही फटकळ असले तरी हाताने चोख आहे, हे माझी वैरीणही कबूल करेल. वैरीण म्हणजे माझी नणंद. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, पहिल्यापासून आमच्यातच राहतात. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात, आणि दिवसातून एकदा तरी आमचं वाजतंच.

या परमुलखात आमचं खाली दुकान, वर घर. दुकानात मागे धुलाईची दोन यंत्रं, मध्ये इस्त्रीचं टेबल, खिडकीशी माझी खुर्ची. इस्त्रीवर आमचे हे. ह्यांच्यापेक्षा ती इस्त्री जास्त बोलते, निदान फुसफुसते तरी. वन्सं चार थांब्यांवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला. अठरा वर्षं माणसांना खुर्चीत बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात. वरची ओळ वाचा, आता खालची. घरीही आवाज तोच. मीठ कमी पडलं तरी असं सांगतात की जणू माझाच नंबर वाढलाय.

त्या संध्याकाळी फोन मीच केला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर जीभ रेटायची नाही. सहाचा सुमार होता. एका काळ्या कोटाला बटणं कमी पडत होती, तर म्हटलं येताना घेऊन या. वन्सं बसथांब्यावर उभ्या होत्या. बोललो आपल्याच भाषेत, दुसरी कुठली बोलणार. बटणं दोन भोकांची की चार भोकांची यावरून जरा जुंपली आणि त्यांचा आवाज चढला. मग फोन एकदम बंद झाला. मला वाटलं, फणकाऱ्याने ठेवला. मीही मनात म्हटलं, गेलात उडत.

पाऊण तासाने त्या दुकानात आल्या. दारातच अंगातला कोट काढला, अस्तर बाहेर येईल असा उलटा केला आणि काउंटरवर ठेवला. म्हणाल्या, कोट फाटलाय, बघ काही जमतंय का. बटणं मिळाली नाहीत. एवढं बोलून वर गेल्या. जिन्यात चढताना एक हात भिंतीला होता. त्यांचं चालणं असं नाही, त्या पायऱ्या आपटत जातात.

मी कोट सुलटा केला. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत पात्याने सरळ कापलेलं होतं. खिळ्याला अडकून फाटतं तेव्हा कडा दातेरी येतात, हे तसलं नव्हतं. आणि पाठभर लाल रंगात दोन ओळी लिहिलेल्या होत्या. फवाऱ्याच्या डब्यातला रंग, अजून बोटाला लागत होता. इथल्या भाषेत, मोठ्या अक्षरांत.

मी वाचलं. आणि मला काहीही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. जिभेवर डॉक्टरने भुलीची सुई मारल्यावर ती आपली राहत नाही, तशी मीच माझी नव्हते. हात तेवढे आपोआप चालले. आमच्या धंद्यात म्हणतात, डाग आणि भांडण शिळं होऊ देऊ नये. रंग सुकला की बसला. मी डाग काढायच्या औषधाची बाटली काढली, पाठीखाली पांढरं फडकं घातलं आणि कडेकडून आत टिपत गेले. घासायचं नसतं, घासलं की पसरतं. चार फडकी लाल झाली. ती बादलीत टाकली, बादली मोरीत ओतली. ह्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि बघत राहिले. एकदाच विचारलं, तेच का. मी हो अशी मान हलवली.

तेच म्हणजे काय, तेही सांगते. त्याआधी दोनदा आमच्या शटरवर तेच लिहिलेलं होतं. त्याच दोन ओळी. पहिल्यांदा एका वकिलाचा डगला रफूला आला होता त्या दिवशी, दुसऱ्यांदा शाळेचे पडदे धुवायला आले त्याच्या आदल्या दिवशी. दोन्ही वेळा मी वन्सं उठायच्या आत पुसून टाकलं. हे म्हणाले होते, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला बोभाटा. मलाही पटलं होतं. दुकान गिऱ्हाइकावर चालतं. बोंब मारायची तर आधी आपलंच शटर खाली येतं.

दुसऱ्या दिवशी दिवसभर बसून कोट रफू केला. शिवणीच्या आत शिंप्याने जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला माया म्हणतात. त्या मायेतूनच धागे ओढून काढायचे, म्हणजे रंग तोच आणि पीळही तोच. एकेक उभा धागा, एकेक आडवा. आठ तास गेले. अस्तरही बदललं. संध्याकाळी उजेडात धरला तर मलाच जागा सापडेना. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि कशाचंच समाधान नव्हतं. कोट कपाटात टांगला. वन्संना म्हटलं, थोडा रंग लागला होता, निघाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बरं, म्हणाल्या.

खरं तर मी विचारायला हवं होतं. काय झालं, कोण होते, लागलं का. नाही विचारलं. त्यांनी आपणहून तुटक तुटक सांगितलं ते एवढंच, की मागून दोघे आले, फोन हिसकून फेकला, तोंड कठड्याला दाबून धरलं. फुस्स असा आवाज आला. मग पाठीला गार लागलं. ते काही बोलले का, तर आठवत नाही. पाठीवर एक लांब ओरखडा होता, त्याला मी मलम लावलं. मलम लावताना आम्ही दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

मग त्या बदलल्या. कामावर जाईनात. जेवायला बसल्या तरी पाठ कपाटाला लागली पाहिजे. मी मागून भांडं घ्यायला गेले तरी दचकायच्या. जिना उतरायचा झाला तर आधी मला उतरायला लावायच्या. आणि आमचं वाजेना. मी एकदा मुद्दाम मीठ जास्त घातलं. त्या काही न बोलता जेवल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

दवाखान्यातले डोळ्यांचे डॉक्टर चांगले निघाले. वन्सं कामावर का येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी फोनवरून पोलिसांना कळवलं होतं. तिथे ‘झटापट, कोटाचं नुकसान’ अशी नोंद होऊन कागद पडून होता. मग त्यांनीच एका बाईंना आमच्याकडे पाठवलं. असल्या प्रसंगातून गेलेल्या माणसांच्या सोबत राहायचं, हेच त्यांचं काम. मला आधी वाटलं, आली आणखी एक नसती उठाठेव करणारी. आल्या तेव्हा त्यांच्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. मला असलं बघवत नाही. हात पुढे करा म्हटलं, आणि त्या बोलत असताना तिथेच टाके घातले. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव बटणताई.

बटणताई वन्संशी बोलल्या ते घाई न करता. काय झालं ते सांगाच, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. झोप लागते का विचारलं, जेवण जातं का विचारलं. म्हणाल्या, पाठ भिंतीला लावून बसता ते वेडेपण नाही, अंग आपली राखण करतंय. त्यावर बोलायला माणसं आहेत, पैसे लागत नाहीत, आणि आपल्या भाषेत बोलता येतं. कामावर परत जायचं तेव्हा थांब्यापर्यंत सोबत मिळेल. जायचंच असं नाही. मग मला म्हणाल्या, भांडणात माणूस समोरच्याशी भांडतो. त्या दोघांना तुमच्या नणंदेशी भांडायचं नव्हतं, ह्यांचं नावही त्यांना माहीत नव्हतं. ह्यांच्या जागी तुमच्यातली कुठलीही बाई चालली असती. म्हणून असला गुन्हा एका कोटाचा धरत नाहीत, तुमच्या सगळ्यांवरचा धरतात. पण तो तसा लिहून घ्यायचा तर त्यांनी ह्यांना का निवडलं, हे दिसलं पाहिजे. नाहीतर कागद झटापटीवरच बंद होतो. मग त्यांनी विचारलं, कोट कुठे आहे.

मी कोट आणून दिला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. मग माझ्याकडे बघितलं.

कुठे फाटला होता, असं त्यांनी विचारलं.

सत्तावीस वर्षं ज्या प्रश्नाची मी वाट बघत असते तोच प्रश्न. मी बोटाने दाखवलं. मग त्यांनी विचारलं, त्यावर काही लिहिलेलं होतं का, काही खूण वगैरे. वन्सं समोर बसल्या होत्या, पाठ कपाटाला. मी म्हटलं, रंग होता नुसता. याआधी असं काही घडलंय का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. बटणताईंनी वहीत लिहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, पोलिसांकडे जायचंय, तिथे तुम्हीही या. कोटाकडे आता बघून उपयोग नाही. तो कोट तसा हातात धरून बघितलेल्या तुम्ही एकट्याच आहात.

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. मनाशी म्हटलं, उसवून टाकते सगळं. धागे काढले की चीर परत दिसेल. कात्री हातात घेतलीसुद्धा. पण ती चीर माझी झाली असती, त्यांची नाही. रंग कुठून आणणार. खोटा पुरावा करून खऱ्या गोष्टीची माती झाली असती. जे करायला त्या दोघांना जमलं नसतं ते मी करून ठेवलं होतं, त्यांच्या मागून पुरावा धुऊन मोरीत ओतला होता. आणि आता उरली होती माझी जीभ. म्हणजे पोलिसांसमोर मला ते शब्द बोलावे लागणार, आणि शेजारी वन्सं असणार. ज्यांनी ते वाचू नयेत म्हणून मी चार फडकी लाल केली, त्यांच्या कानात मीच ते ओतायचे. न बोलावं तर कागद बंद, आणि वन्सं त्या कपाटाला चिकटून आयुष्य काढणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ह्यांना सांगितलं. हे कॉलर दाबत होते. मग इस्त्री उभी केली आणि म्हणाले, “शटरचंही सांग.” दोनच शब्द. पण शटर पुसायला सांगणारेही तेच होते, म्हणून मला त्या दोन शब्दांचं वजन कळलं.

पोलिसांकडे गेलो तो त्या संध्याकाळनंतरचा एकोणिसावा दिवस होता. खोली लहान होती, एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर पंखा. वन्संनी भिंतीकडची खुर्ची धरली. बटणताईंनी आधीच सांगून आपली भाषा येणारा एक दुभाष्या बोलावला होता. आम्हाला इथली भाषा येते, दुकान चालवतो आम्ही, पण त्या म्हणाल्या की दुखलेलं आपल्या भाषेतच नीट सांगता येतं. टेबलापलीकडचा अधिकारी वाईट नव्हता, कंटाळलेला होता. त्याने कोट हातात घेतला, पाठीवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, ह्यात तर काहीच झालेलं नाही.

मी अस्तराचे टाके उसवले आणि आतली बाजू दाखवली. रफू वरून दिसत नाही, आतून दिसतो. धाग्यांची टोकं आत सोडलेली असतात. खांद्यापासून कमरेपर्यंत टोकांची सरळ रेघ होती. त्याने बोट फिरवलं, मोजपट्टी लावली, लिहून घेतलं. म्हणाला, ठीक, कापलेलं होतं. पण कापतात तर पाकीटमारही. हे तुमच्या लोकांवरच्या रागातून झालंय, हे कशावरून?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वन्सं सोडून. त्या टेबलाकडे बघत होत्या. मनात आलं, म्हणावं काही आठवत नाही. वय झालं, विसरले. कोण विचारणार आहे?

मी म्हटलं, “त्यावर लिहिलेलं होतं. मी पुसलं.”

काय लिहिलेलं होतं, असं त्याने विचारलं.

“तुम्ही घाण आहात. निघा.”

दुभाष्याने ते इथल्या भाषेत सांगितलं. म्हणजे खोलीत ते दोनदा झालं. मग मी थांबलेच नाही. शटरचं सांगितलं, दोन्ही वेळचं. वकिलाचा डगला सांगितला, शाळेचे पडदे सांगितले, त्यावरून त्याने तारखा लावल्या. तेच शब्द, तोच रंग, कोणाला सांगितलं नाही, मीच पुसलं. फोन मी केला होता आणि त्यावर वन्सं आपल्या भाषेत मोठ्याने बोलत होत्या, तेही सांगितलं. आवाज माझा मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. वन्संकडे बघायची माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात त्या बोलल्या. त्यांचा दवाखान्यातला आवाज, खणखणीत. एकोणीस दिवसांनी मी तो ऐकला.

“दोन ओळी होत्या. वरची लांब, खालची आखूड.”

मी मान वर केली. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही वाचलं होतं का. त्या म्हणाल्या, नाही. कोट अंगावर होता आणि काढल्यावर मी बघितलाच नाही. पण अठरा वर्षं मी लोकांना वाचताना बघते. माणूस नुसता बघतो तेव्हा डोळे एका जागी असतात, वाचतो तेव्हा कडेने सरकतात. मी बसमध्ये चार थांबे उभी होते, समोर काच होती, काचेत माझ्या मागे बसलेले दिसत होते. सगळ्यांचे डोळे एकदा लांब सरकले, मग खाली आले, आणि थोडेसे सरकून थांबले. मग सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

“किती जण होते?” बटणताईंनी विचारलं.

“अकरा,” वन्सं म्हणाल्या. “अकराही जणांना नीट दिसत होतं.”

अधिकाऱ्याचा कंटाळा तेव्हा गेला. बसमध्ये कॅमेरा असतो, चित्रण तीस दिवस ठेवतात, असं तो म्हणाला, आणि फोन उचलला. बसचा नंबर विचारला. वन्संना पाठ होता. माझ्या लक्षात आलं की कोटावर लिहिलेलं होतं, एवढं मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर हा फोन तेव्हाच झाला असता. ते मी बोलूनही दाखवलं. बटणताई म्हणाल्या, अजून अकरा दिवस आहेत. त्यांनी मला धीर दिला नाही की दोषही दिला नाही, आणि मला ते बरं वाटलं. अधिकाऱ्याने झटापटीचा कागद बाजूला सारून नवा घेतला. सापडतील की नाही सांगता येत नाही, असंही तो स्पष्ट म्हणाला.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. बटणताई आत सह्यांचं बघत होत्या. उसवलेल्या अस्तराचा कोट माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी…

“माहितीय,” त्या म्हणाल्या. “एकोणीस दिवस वाट बघतेय मी, वहिनी. म्हटलं, ही तोंडाला येईल ते बोलणारी बाई सांगत नाही, म्हणजे केवढं वाईट असेल. रोज त्या दोन ओळींत नवं काहीतरी भरून वाचत होते. तू सांगितलंस त्याच्यापेक्षा वाईट सगळं वाचून झालं माझं.”

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. मी पिशवीतून सुई काढली आणि अस्तर तिथेच बसून घालायला घेतलं. टाके वाकडे पडले. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, हे काय शिवतेस, नंबर तपासून घे एकदा. मी म्हटलं, आधी माझी राहिलेली बटणं आणा.

निघताना त्यांनी हात पुढे केला. मी कोट दिला. घालावा की नाही, असा थोडा वेळ हातात धरला आणि मग घातला. फाटकापर्यंत भिंतीच्या कडेकडेने आलो. पुढे मोकळा रस्ता होता, थांब्यावर माणसं उभी होती. सवयीने मी पुढे झाले, कारण हल्ली त्या कोणालाही पाठीमागे राहू देत नसत. त्यांनी माझा दंड धरून मला थांबवलं.

“तू मागून चाल,” त्या म्हणाल्या. “आणि काही दिसलं तर सांगायचं.”

मी बरं म्हटलं. त्या पुढे चालायला लागल्या आणि मी त्यांच्या मागे, कोटाच्या पाठीवर नजर ठेवून, थांब्यापर्यंत चालत गेले.